डब्ब्याची आवक-जावक

ती घटना आज आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येतो तो आमच्या रायटर जमादाराचा चष्मा. एक दांडी तुटलेली आणि तिच्या जागी पांढरा दोरा कानाभोवती गुंडाळलेला. ठाण्याची सगळी लिखापढी या माणसाकडे असायची. कैक वर्षं तो तेच करत आला होता आणि त्याने कुणावर हात उचलल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही तरुण अधिकारी पाठीमागे त्याला 'कारकून' म्हणायचो. त्याच कारकुनाचे माझ्यावर उपकार आहेत. ते कोणते, हे एकदा लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी सुरतेत सब इन्स्पेक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडी फौजदार. वडील खानदेशातून मिलच्या कामाला इथे आले. घरात अहिराणी, शाळा मराठी, नोकरी गुजरातीत आणि शिव्या हिंदीत, असा माझा कारभार होता. ठाण्यात एक टाइपरायटर होता आणि त्याचंही एक अक्षर उठायचं नाही. कॉम्प्युटर मी फक्त बँकेत लांबून पाहिला होता.

इच्छापोरकडच्या औद्योगिक वसाहतीत एक एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता. त्याचे शेठ एका सकाळी ठाण्यात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, चोरी थई."

"शुं गयुं?" मी विचारलं.

"गयुं तो कंई नथी."

मी जमादाराकडे पाहिलं. त्याने पेन कागदावरून उचललं. गेलं काहीच नाही, तर फिर्याद कसली? मग शेठनी समजावलं. त्यांच्या सात साड्यांच्या डिझाइनी त्यांच्या आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने बाजारात आल्या होत्या. टाका न टाका तोच. डिझाईन कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये जागच्या जागी होती आणि तरी चोरीला गेली होती. जमादाराने चष्मा पुसत मला हळूच विचारलं, "साहेब, मुद्देमालमां शुं लखुं?" मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी नोकराने केलेल्या विश्वासघाताचं कलम लावून फिर्याद घेतली.

आता इथे थोडं त्या यंत्राबद्दल सांगायला हवं. कारखान्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. आत हॉलमध्ये परदेशी एम्ब्रॉयडरी मशीन होत्या. दोघांच्या मध्ये भिंतीवर एक चपटी लोखंडी पेटी बसवलेली, पुढे हिरवे दिवे लुकलुकणारे. तिला सगळे 'डब्बा' म्हणायचे. डिझाइनीची फाइल कॉम्प्युटरवरून वायरीतून डब्ब्यात चढवायची, डब्ब्यातून ती मशीनना मिळायची. हवी तर तीच फाइल डब्ब्यातून परत कॉम्प्युटरवर उतरवताही यायची. आणि डब्बा प्रत्येक चढ-उताराची नोंद ठेवायचा: तारीख, वेळ, फाइलचा नंबर आणि करणाऱ्याचं नाव.

शेठनी त्या नोंदींची छापील यादी आणली होती. चांगली लांबलचक, घडीघडीची. तिच्यात ओळीमागून ओळ एकच नाव होतं. ते नाव फाइली चढवण्याच्या कामावरच्या माणसाचं होतं. तिशीतला, खानदेशातला, कोसाडच्या वसाहतीत राहणारा. त्याला मी फाइलवाला म्हणेन. शेठचं म्हणणं असं, की याचं काम फाइल चढवण्याचं. मग हा रोज फाइली उतरवतो कशाला?

मला प्रश्न पटला. त्यात दोन दिवसांनी आमच्या बातमीदाराने खबर दिली, की हा माणूस जेवणाच्या पिशवीतून फ्लॉप्या घरी नेतो. पंच घेऊन आम्ही कोसाडला त्याच्या खोलीवर गेलो. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत, तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेल्या चार फ्लॉप्या मिळाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी होती. तात्या एक, तात्या दोन, तात्या तीन, तात्या चार. माझ्या दृष्टीने केस तिथेच संपली. हा चोर, आणि तात्या नावाचा कुणीतरी माल घेणारा दलाल.

त्याला ठाण्यात आणलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. त्याची बायको बाळ कडेवर घेऊन दारापर्यंत मागे आली होती.

चौकशीत माणसं दोन प्रकारची भेटतात. काही फार बोलतात, काही गप्प बसतात. फार बोलणाऱ्याला फिरवून फिरवून विचारलं की तो कुठेतरी अडकतो. गप्प बसणाऱ्याचा मात्र अधिकाऱ्याला राग येतो, आणि राग आला की अधिकाऱ्याचं डोकं चालेनासं होतं. हे शहाणपण मला नंतर आलं.

"फाइली उतरवायचास?"

"हो साहेब."

"रोज?"

"रोज."

"कशाला?"

गप्प.

"शेठचं म्हणणं आहे, तुझंच नाव आहे सगळीकडे."

"ते नाव सगळेच लावतात साहेब. डब्बा बसला तेव्हा दिवाळीनंतरच्या लाभपाचमेचा मुहूर्त होता. पहिली डिझाईन माझ्या हातून चढली. धंदा चांगला झाला, तर शेठ म्हणाले, याचा हात शुभ आहे, याचंच नाव राहू दे, बदलायचं नाही. इंजिनिअर म्हणत होता प्रत्येकाला वेगळं नाव देतो, शेठनी दिलं नाही. आता कुणीही बसलं तरी नाव माझंच."

मी हसलो. चोराकडे नेहमी अशी एखादी गोष्ट तयार असते, असं मला वाटलं. शेठना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, मुहूर्ताचं खरं आहे, पण तिथे बसतो तोच.

"तात्या कोण?" मी विचारलं.

तो खाली पाहायला लागला. मी पाच वेळा विचारलं. सहाव्या वेळी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. फक्त म्हणाला, "साहेब, मी उतरवायचो ते खरं. तेवढं लिहा. दुसऱ्या कुणाचं नाव नका लिहायला लावू."

माझ्या कानांना ही कबुलीच वाटली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मलाही कळत होतं. पण जबाब लिहिला गेला की तपासाला तोंड फुटतं, आणि एकदा ते एका बाजूला फुटलं की आम्ही दुसऱ्या बाजूला बघत नाही. मी जमादाराला हाक मारली. "जबाब लिहा. मग अटक दाखवा."

जमादार त्याच्या टेबलाशी ती छापील यादी पसरून बसला होता. सकाळपासून त्याचं तेच चाललं होतं. तुम्हाला सांगतो, पोलीस ठाण्यात आवक-जावक नावाची एक वही असते. येणारा प्रत्येक कागद आवकमध्ये, जाणारा प्रत्येक कागद जावकमध्ये. जमादाराचं आयुष्य त्या वहीत गेलेलं. कॉम्प्युटरचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याने त्या इंग्रजी यादीची सरळ आवक-जावकच करून टाकली होती. डब्ब्यात चढली ती आवक, डब्ब्यातून उतरली ती जावक. लाल पेन्सिलीने खुणा, शेजारी ओळींचे आकडे.

त्याने जबाबाचा कागद घेतला, वरची ठरलेली ओळ लिहिली आणि थांबला. "साहेब, जबाब काले लखीए तो?"

"उद्या? का?"

"आवक-जावकमां गडबड छे."

मी भडकलो. इथे माणूस कबूल होतोय आणि हा कारकून वही जुळवत बसला आहे! काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तो उभा राहिला, ऐकून घेतलं, आणि यादी माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, एक मिनिट बघा, मग सांगाल ते लिहितो.

मी बघितलं. प्रत्येक जावकनंतर दोन-तीन मिनिटांत एक आवक होती. जुनी फाइल उतरली, लगेच नवी चढली. उतरली, चढली. शेकडो ओळी अशाच जोडीने. फक्त सात ओळींना जोडी नव्हती. सात वेळा फाइल उतरली होती आणि त्यानंतर काहीच चढलं नव्हतं. त्या सात फाइलींचे नंबर जमादाराने फिर्यादीतल्या सात डिझाइनींशी लावून पाहिले होते. एकूण एक जुळत होते. मग त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. त्या सातही तारखांना बुधवार होता. बुधवारी त्या वसाहतीतली यंत्रं बंद असायची, आठवड्याची सुट्टी.

"चोर एक रीते लखे, आ बीजी रीते लखे छे," जमादार फाइलवाल्याकडे बोट दाखवत म्हणाला. दोन हातांची लिहिण्याची रीत वेगळी दिसते, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

माझा राग गेला नाही, पण हुकूम मी मागे घेतला. जबाबाचा कागद तसाच बाजूला पडला.

दुपारी फाइलवाल्याची बायको डबा घेऊन आली. बाळ झोपलेलं होतं. दारातल्या शिपायाला ती मोडक्या हिंदीत काहीतरी सांगत होती, त्याला कळत नव्हतं. मी बाहेर गेलो. मला वर्दीत पाहून ती दोन पावलं मागे सरली, मग हिय्या करून म्हणाली, "भाऊ, जेवनना डबा लई उनू. सकायपाईन त्यानी काही खादं नई."

वर्दी अंगावर चढवून मी कधी अहिराणी बोललो नव्हतो. का कोण जाणे, त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "बठ बहीण. एक सांग, तात्या कोन से?"

आपली भाषा ऐकून ती चकित झाली. "तात्या? आमना शेजारना तात्या. याच कारखानामा मशीनवर शेतस. काबरं, त्यासनी काय करं?"

कारखान्यात त्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे 'काका' म्हणत. सकाळीच माणूस पाठवून आम्ही हजेरीपटावरच्या प्रत्येक कामगाराला तात्याबद्दल विचारलं होतं, अगदी त्या काकालाही. त्याने नकारार्थी मान हलवली होती. कोसाडच्या त्या दोन खोल्यांबाहेर त्याला तात्या कुणीच म्हणत नव्हतं.

मी गाडी पाठवणार होतो. पण तासाभराने तो म्हातारा स्वतःच ठाण्यात हजर झाला. बाईने घरी जाऊन सांगितलं असणार. पाठीत वाकलेला, बोटांना सुयांचे जुने वण. शेठही तेव्हा ठाण्यात होते. त्यांना बघून तात्या क्षणभर दारातच थबकला. मग आत आला आणि हात जोडून शेठनाच म्हणाला, "शेठ, डिझाईन को हाथ मैंने लगाया है. तीन साल से लगाता हूँ."

हॉलमध्ये एक कडक नियम होता. कारखान्याच्या डिझाईन मास्टरने बनवलेल्या डिझाइनीला मशीनवर कुणी हात लावायचा नाही. एका कारागिराने लावला होता, त्याला त्याच दिवशी काढून टाकलं होतं. पण मास्टर ऑफिसात बसून डिझाईन बनवणार. कापड कुठे ओढलं जातं, धागा कुठे तुटतो हे मशीनसमोर उभा असणाऱ्यालाच कळणार. तात्या मशीनवरची बटणं दाबून गुपचूप टाके सुधारायचा. सुधारलेली फाइल डब्ब्यात जाऊन बसायची. आणि डब्ब्यात जागा एवढी कमी, की नवी फाइल चढवली की जुनी पुसली जायची. तात्याची मेहनत पुसली जाऊ नये म्हणून फाइलवाला आधी जुनी उतरवून ठेवायचा, मग नवी चढवायचा. रोज. एकदा ऑफिसचा कॉम्प्युटर बिघडला आणि सगळं गेलं, तेव्हापासून फ्लॉपीत घेऊन एक प्रत घरी ठेवायला लागला. तेही नियमाबाहेरच होतं, हे मी त्याला नंतर बजावलं.

"अरे, मग हे आधी बोलायचं ना!" मी फाइलवाल्यावर ओरडलो.

तो म्हणाला, "साहेब, मला दुसरं काम मिळेल. तात्याला या वयात कोण ठेवणार?"

मी आत जाऊन पाणी प्यालो.

त्या संध्याकाळी फाइलवाल्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यात पंचांसमोर एक साधी गोष्ट केली. डब्ब्यावर बसणारे तीन जण होते: फाइलवाला, मास्टर आणि शेठच्या बहिणीचा मुलगा, जो ऑफिस सांभाळायचा. तिघांनाही सांगितलं, एक नवी फाइल चढवून दाखवा. फाइलवाल्याने बसताक्षणी आधी जुनी उतरवली. "तुला चढवायला सांगितली," मी म्हणालो. तो ओशाळला. "साहेब, त्याशिवाय हात पुढे जातच नाही." मास्टरने आणि भाच्याने मात्र सरळ नवी चढवली. भाचा सगळ्यांत आधी बसला होता; त्याने चढवली तेव्हा मागे उभा असलेला तात्या "अरे अरे" करून कळवळला. त्याचं कालचं काम पुसलं गेलं होतं.

बुधवारी ऑफिसची किल्ली एकट्या भाच्याकडे असायची. जमादार बारडोलीला जाऊन आला. सातपैकी एका बुधवारी फाइलवाल्याची बायको तिथे माहेरी बाळंत झाली होती, आणि दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये सकाळी भरती करताना आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा नवऱ्याची सही होती. भाच्याला समोर बसवून मी एकच विचारलं, "मशीन बंद, कारीगर घरी, मग बुधवारी डब्बा कुणासाठी चालू होता?" त्याने मामाकडे पाहिलं. मामांनी मान फिरवली. मग भाच्याने कबूल केलं: मामाच्या हाताखालून निघून त्याला मित्राबरोबर स्वतःचा धंदा टाकायचा होता, आणि मशीनवर पक्की झालेली फाइल डब्ब्यातच मिळायची. बाजारातल्या त्या मित्राच्या दुकानातून फ्लॉप्या जप्त केल्या. या वेळी मुद्देमालाच्या पंचनाम्यात काय लिहायचं ते जमादाराला नीट माहीत होतं.

भाच्यावर आरोपपत्र गेलं. शेठनी त्याला वाचवण्यासाठी माझी मनधरणी केली नाही, याबद्दल मी त्यांचाही आभारी आहे. त्यांनी दोन साड्या शेजारी शेजारी पसरून पाहिल्या, एक मास्टरच्या मूळ फाइलीची आणि एक तात्याने सुधारलेली. बराच वेळ बोटं फिरवत बसले. तात्याची नोकरी राहिली. पुढच्या लाभपाचमेला त्यांनी मला आणि जमादाराला बोलावलं. इंजिनिअरने प्रत्येकाचं वेगळं नाव डब्ब्यात घातलं. शेठनी सांगितलं, पहिलं नाव काकांचं घाला. "काका नको," फाइलवाला म्हणाला, "तात्या घाला." डब्ब्याला कुंकू लावून झाल्यावर मी फाइलवाल्याला बाजूला घेतलं आणि माफी मागितली. त्याने माझ्या हातात पेढा ठेवला आणि बायकोने निरोप दिला आहे म्हणाला, भावाला एकदा जेवायला घेऊन या. मी गेलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. त्या घरात मला कुणी साहेब म्हटलं नाही.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. मोठ्या केसेस झाल्या, पाठीवर थापही मिळाली. पण ज्याची जाणीव आजवर ठेवली ती या केसची. यानंतर मी कुणावर हात उचलला नाही. आणि एखादा माणूस गप्प बसला, तर तो काय लपवतो याच्या आधी कुणाला लपवतो हे विचारायला शिकलो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ज्याला मी कारकून म्हणून हसत होतो त्याने शिकवलं, तेही माझ्या शिव्या उभ्याने ऐकून घेत.

जमादार निवृत्त झाला त्या दिवशी टेबल आवरताना त्याने खणातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "आ तमारुं, साहेब." मी उघडला. त्या दिवशीचा जबाबाचा कागद होता तो. वरती त्याच्या वळणदार अक्षरात ठरलेली ओळ होती: 'साहेबांनी विचारल्यावरून माझी हकीकत लिहून देतो की'. त्याखाली सगळा कागद कोरा होता.

तो कागद माझ्या कपाटात आहे. मिळालेली प्रशस्तिपत्रं नातवंडांनी कुठे ठेवली ते मला ठाऊक नाही, पण हा कुठे आहे ते मला अंधारातही सांगता येईल. अधूनमधून काढून बघतो, आणि पुढे काही लिहिलं गेलं नाही म्हणून मनातल्या मनात जमादाराला हात जोडतो.